हत्तीचा शेजार

कॅनडाचे पंतप्रधान पिअर ट्रूडो १९६९ च्या मार्च महिन्यात वॉशिंग्टनला गेले असता तेथील पत्रकारांसमोर त्यांनी एक उपमा योजली. अमेरिकेच्या शेजारी राहणे म्हणजे हत्तीशेजारी झोपणे होय. हत्ती कितीही सालस असला तरी त्याची प्रत्येक हालचाल, प्रत्येक हुंकार शेजाऱ्याला जाणवल्यावाचून राहत नाही, असा तिचा आशय होता. या उपमेत एक गोष्ट उघड बोलून दाखविलेली नाही. शेजारी झोपलेल्याला हत्तीच्या सवयींचा बारकाईने अभ्यास करावा लागतो. हत्तीला मात्र आपल्या कुशीला कोण झोपले आहे, हे वळून पाहण्याचीही गरज वाटत नाही. अमेरिकन आणि कॅनेडियन माणसे एकमेकांविषयी किती जाणतात, या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच आहे. उरलेले अर्धे उत्तर अधिक अडचणीचे आहे.

या दोन देशांची सीमा ८,८९१ किलोमीटर लांबीची आहे. दोन देशांमध्ये एवढी लांब सीमा जगात दुसरीकडे नाही. अमेरिकेची लोकसंख्या सुमारे ३४ कोटी, कॅनडाची ४ कोटींच्या आसपास. आणि या कॅनेडियनांपैकी दोनतृतीयांश लोक सीमेपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात राहतात. २०२४ साली कॅनडाच्या निर्यातीचा सुमारे तीनचतुर्थांश भाग अमेरिकेत गेला. उलट अमेरिकेच्या निर्यातीत कॅनडाचा वाटा पाचव्या हिश्श्याहूनही कमी होता. म्हणजे वॉशिंग्टनच्या एखाद्या निर्णयाने ओंटारिओतील कामगाराची चूल विझू शकते. ओटावातील निर्णयाची टेक्सासमधील माणसाला वार्ताही नसते. ज्याच्यावर पोट अवलंबून असते त्याची माहिती माणूस ठेवतोच. कारकुनाला साहेबाच्या लहरी पाठ असतात, साहेबाला कारकुनाच्या मुलांची नावे ठाऊक नसतात. हा स्वभावदोष नाही. सत्तेच्या विषम वाटपाचा हा हिशेब आहे.

या विषमतेवर कॅनडाने मनसोक्त हसून घेतले आहे. रिक मर्सर या विनोदकाराने सीमेपलीकडे जाऊन अमेरिकनांना कॅनडाविषयी धादांत खोट्या गोष्टी सांगण्याचा आणि त्यांच्या प्रतिक्रिया चित्रित करण्याचा सपाटाच लावला होता. २००० साली निवडणूक प्रचारात असलेल्या जॉर्ज बुश यांना त्याने गाठले आणि 'पंतप्रधान जाँ पुटीन' यांनी तुम्हांला पाठिंबा दिला आहे, असे सांगितले. बुश यांनी त्याबद्दल समाधान व्यक्त केले. पुटीन हा बटाट्याच्या तळलेल्या कापांवर चीज आणि रस्सा घालून केलेला क्वेबेकचा खाद्यपदार्थ; पंतप्रधानांचे नाव होते जाँ क्रेतिएँ. हा प्रसंग घडला मिशिगनमध्ये, म्हणजे ज्या राज्याच्या नदीकाठावरून कॅनडा नुसत्या डोळ्यांनी दिसतो त्या राज्यात! आर्कन्सॉचे तत्कालीन गव्हर्नर माइक हकबी यांनी तर 'राष्ट्रीय इग्लू' जतन केल्याबद्दल कॅनडाचे अभिनंदनही करून टाकले. २००१ साली हा कार्यक्रम कॅनडात लक्षावधी लोकांनी पाहिला.

परंतु अज्ञान नेहमीच विनोदी नसते. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेचे आकाश बंद झाले, तेव्हा न्यूफाउंडलंडमधील गँडर या छोट्या गावात ३८ विमाने उतरली आणि साडेसहा हजारांवर अनोळखी प्रवाशांना त्या परिसरातील लोकांनी शाळांत, सभागृहांत, घरांत आसरा दिला. त्यानंतर नऊ दिवसांनी अमेरिकन संसदेपुढे बुश यांनी मित्रराष्ट्रांचे आभार मानले. त्यात कॅनडाचा उल्लेख नव्हता. उलट, ते विमान-अपहरणकर्ते कॅनडातून आले, ही वावडी मात्र वर्षानुवर्षे टिकली. एकोणीस जणांपैकी एकही कॅनडातून आलेला नव्हता. तरीही २००९ साली अंतर्गत सुरक्षेची धुरा वाहणाऱ्या अमेरिकन मंत्री जॅनेट नेपोलिटानो यांच्या बोलण्यात तोच समज डोकावला आणि नंतर त्यांना खुलासा करावा लागला. ज्यांच्या हाती सीमेची चावी त्यांनाच सीमेपलीकडचे ठाऊक नसावे, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

अशा अज्ञानातून धोरण कसे जन्म घेते, याचा वस्तुपाठ २०२५ साली मिळाला. कॅनडा हे एक्कावन्नावे राज्य व्हावे, अशी भाषा राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी सुरू केली आणि मार्चमध्ये कॅनेडियन मालावर २५ टक्के आयातशुल्क लादले. कारण सांगितले गेले ते फेंटॅनिल या मादक द्रव्याच्या चोरट्या आयातीचे. अमेरिकेच्याच सीमाशुल्क खात्याचे आकडे काय सांगतात? २०२४ च्या आर्थिक वर्षात उत्तर सीमेवर ४३ पौंड, म्हणजे वीस किलोपेक्षाही कमी फेंटॅनिल पकडले गेले. दक्षिण सीमेवर २१ हजार पौंडांहून अधिक. कॅनडाकडून आम्हांला काहीच नको, असेही ट्रम्प यांनी जानेवारीत बजावले होते. वस्तुतः अमेरिका जे कच्चे तेल आयात करते त्यातील निम्म्याहून अधिक कॅनडातून येते, आणि मध्यपश्चिमेतील अनेक शुद्धीकरण कारखाने त्याच जड तेलासाठी घडविलेले आहेत. अमेरिकन शेतकरी जे पोटॅश जमिनीत घालतो त्याचा फार मोठा भाग सस्काचेवानच्या खाणींतला असतो. म्हणूनच तेलासारख्या ऊर्जा-मालावर पहिल्याच दिवशी २५ ऐवजी १० टक्के शुल्क ठेवावे लागले, आणि काही दिवसांतच व्यापार करारात न बसणाऱ्या पोटॅशवरचे शुल्कही १० टक्क्यांवर आणावे लागले. धान्याच्या कोठारांचे अर्थशास्त्र भाषणांना जुमानत नाही.

येथवरचे चित्र कॅनेडियनांना सुखावणारे आहे. आणि नेमका येथेच प्रश्नाचा दुसरा, अडचणीचा भाग सुरू होतो. कॅनेडियन माणूस अमेरिकेविषयी जे जाणतो ते त्याने शोधून मिळविले आहे की त्याच्या घरात ओतले गेले आहे? अमेरिकन चित्रपट, नियतकालिके, दूरचित्रवाणी यांचा पूर त्या देशात पाऊण शतकाहून अधिक काळ वाहत आहे. मॅसी आयोगाने १९५१ सालीच या पुराची धोक्याची घंटा वाजविली. १९७१ मध्ये नभोवाणीवरील संगीतापैकी किमान ३० टक्के कॅनेडियन असावे, असा नियम करावा लागला. अमेरिकन मासिकांच्या नाममात्र कॅनेडियन आवृत्त्या देशातील जाहिरातींचा पैसा ओढून नेतात म्हणून कॅनडाने त्यांच्यावर कर बसविला, तेव्हा १९९७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेने अमेरिकेच्या बाजूने कौल दिला. स्वतःच्या घरात स्वतःची गोष्ट सांगणे, हाही मुक्त व्यापाराच्या दरबारात गुन्हा ठरला.

परिणाम असा, की कॅनेडियन मनाला शेजाऱ्याचा इतिहास स्वतःच्या इतिहासापेक्षा जवळचा वाटू लागला. १९५५ साली बसमधील जागा सोडण्यास नकार देणाऱ्या रोझा पार्क्स तेथे शाळकरी मुलांना माहीत. पण त्यांच्या नऊ वर्षे आधी, १९४६ साली, नोव्हा स्कोशियातील न्यू ग्लासगो येथे चित्रपटगृहात गोऱ्यांसाठी राखीव भागातून उठण्यास नकार देऊन कोठडीत गेलेल्या व्हायोला डेझमंड कित्येक दशके विस्मृतीत राहिल्या. त्यांना मरणोत्तर माफी मिळाली ती २०१० साली, आणि दहा डॉलरच्या नोटेवर त्यांचे चित्र आले २०१८ साली. अमेरिकेतील गुलामांनी उत्तरेकडे पळून येऊन स्वातंत्र्य मिळविले, ही कथा कॅनडा अभिमानाने सांगतो. परंतु त्याच भूमीवर १८३४ पर्यंत गुलामगिरी कायद्याने अस्तित्वात होती, हे सांगताना त्याचा आवाज खाली येतो. आदिवासींच्या सुमारे दीड लाख मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत कोंबले गेले. या अन्यायाचा अधिकृत अहवाल पूर्ण व्हायला २०१५ साल उजाडावे लागले. 'आम्ही त्यांच्यासारखे नाही' हे वाक्य कॅनडाचे आवडते वाक्य आहे. दुसऱ्याचे दोष पाठ असणे हे ज्ञान खरे. पण आपल्या दोषांवर घालायचे पांघरूण म्हणून ते वापरले, की त्याचेही अज्ञानच होते.

मग या दोन समाजांनी एकमेकांविषयी काय जाणायला हवे होते? समाजवादी कार्यकर्त्यांच्या दृष्टीने हाच कळीचा प्रश्न आहे. एक उदाहरण आरोग्याचे. सस्काचेवान या शेतकरी प्रांतात १९४४ साली टॉमी डग्लस यांच्या नेतृत्वाखाली उत्तर अमेरिकेतील पहिले समाजवादी सरकार निवडून आले. १९४७ मध्ये त्याने रुग्णालय-विमा सुरू केला. १ जुलै १९६२ रोजी, वुड्रो लॉइड मुख्यमंत्री असताना, वैद्यकीय सेवेची सार्वजनिक योजना अमलात आली आणि त्याच दिवशी डॉक्टरांनी संप पुकारला. तेवीस दिवस सरकार झुकले नाही. १९६६ च्या केंद्रीय कायद्याने ही व्यवस्था देशभर नेली. रुग्णाकडून वरकड पैसे उकळण्याला १९८४ च्या कायद्याने पायबंद घातला. ही योजना कॅनेडियनांच्या जात्याच सौम्य स्वभावातून उगवली, असे पुष्कळ अमेरिकनांना वाटते. ती संघर्षातून उगवली. सहकारी संस्था बांधणाऱ्या शेतकऱ्यांनी, कामगार संघटनांनी आणि एका हट्टी पक्षाने ती खेचून आणली. हे अमेरिकन कामगाराला कळले, तर 'आपल्याकडे असे होणे नाही' हे वाक्य त्याच्या तोंडून सहज निघणार नाही. ते कळू नये यात कोणाचे हित आहे, हे सांगायला विमा कंपन्यांचे ताळेबंद पुरेसे बोलके आहेत.

इन्शुलिनची कथा तर याहून बोचरी आहे. १९२१-२२ साली टोरँटोत लागलेल्या या शोधाचे एकस्व बँटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येकी एका डॉलरला विद्यापीठाच्या स्वाधीन केले. जे औषध मानवजातीला जवळजवळ दान म्हणून दिले गेले, ते विकत घेण्यासाठी जुलै २०१९ मध्ये अमेरिकन मधुमेही रुग्णांचा एक जथा सिनेटर बर्नी सँडर्स यांच्यासह डेट्रॉईटहून नदी ओलांडून विंडसरला गेला. तेथे ते सुमारे दहापट स्वस्त मिळत होते. त्या रुग्णांना कॅनडा म्हणजे काय हे त्या दिवशी नेमके समजले. पण किती उशिरा आणि कोणत्या किमतीला!

दुसरे उदाहरण कारखान्याचे. १९६५ च्या मोटार करारानंतर दोन्ही देशांचा मोटारधंदा एकच झाला. मोटारीचा एखादा सुटा भाग पूर्ण गाडीत बसेपर्यंत अनेकदा सीमा ओलांडतो. कामगारांची संघटनाही एकच होती. ऐंशीच्या दशकात अमेरिकन नेतृत्वाने मालकांना सवलती देण्याचे धोरण पत्करले, कॅनेडियन शाखेने ते नाकारले, आणि १९८५ मध्ये बॉब व्हाइट यांच्या नेतृत्वाखाली वेगळी संघटना उभी राहिली. वेगळे होण्याला त्या वेळी तत्त्वाचे कारण होते. पण चाळीस वर्षांनी त्या दुराव्याची किंमत दिसली. २०२५ मध्ये मोटारींवरील आयातशुल्काचे अमेरिकन संघटनेने स्वागत केले, तर तिच्यातूनच फुटून निघालेल्या प्रवाहाची वारस असलेल्या 'युनिफॉर'ने त्याचा निषेध केला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात स्टेलँटिस कंपनीने जाहीर केले, की ओंटारिओतील ब्रॅम्प्टनला होणारे एका गाडीचे उत्पादन आता इलिनॉयमधील बेल्विडिअर येथे होईल. ब्रॅम्प्टनच्या सुमारे तीन हजार कामगारांच्या पोटावर पाय आला आणि बेल्विडिअरमध्ये आशा पालवली. पण बेल्विडिअरचा कारखानाही याच कंपनीने २०२३ च्या आरंभी बंद पाडला होता! कालचा उपाशी आणि आजचा उपाशी यांनी एकमेकांकडे चोर म्हणून पाहावे आणि दोघांचेही काम हलविणाऱ्याने धोरणी गुंतवणूकदार म्हणून मिरवावे, असा हा व्यवहार आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अमेरिका आणि कॅनडा यांना एकमेकांची माहिती नाही, हे विधान सरसकट खरे नाही. कंपन्यांना दोन्ही बाजूंची माहिती अगदी चोख असते: कोणत्या गावात मजुरी किती, कोणत्या प्रांतात कर किती, कोणती संघटना थकलेली आहे आणि कोणते सरकार घाबरलेले आहे. भांडवलाच्या नकाशावर ती ८,८९१ किलोमीटरची रेघ फार फिकट असते. ती गडद होते ती कामगाराच्या नकाशावर. हत्ती आणि त्याचा शेजारी या उपमेने दोन राष्ट्रांचे नाते सांगितले, पण राष्ट्रांच्या पोटातले वर्ग झाकले. डेट्रॉईटचा जोडारी हा हत्ती नाही. तोही हत्तीशेजारीच झोपलेला आहे.

विंडसर आणि डेट्रॉईट यांच्यामध्ये अर्ध्या मैलाची नदी आहे. त्या नदीवरच्या पुलावरून रोज हजारो मालमोटारी ये-जा करतात. बँटिंगचे औषध, सस्काचेवानचा विमा, बेल्विडिअरची टाळेबंदी आणि ब्रॅम्प्टनची बेकारी यांची हकिगत एका काठाच्या कामगाराने दुसऱ्या काठाच्या कामगाराला सांगणे, ही त्या पुलावरून अजून पुरेशी न गेलेली एकमेव मालवाहतूक आहे. तिच्यावर कोणत्याही सरकारला शुल्क बसविता येणार नाही. फक्त ती सुरू करण्याचे काम दोन्ही काठांवरच्या संघटनांना स्वतःच करावे लागेल.