काकाला कोणती बंदूक सांगू?

होस्टेलच्या रूममध्ये भांडण जोरात होतं. विषय: एसएलआर भारी की एसकेएस? बीजीएमआय खेळणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. एसएलआरचा डॅमेज जास्त, पण झटका असा की निशाणा आभाळात. एसकेएस त्या मानाने सांभाळायला सोपी. आणि मिनी १४ वापरणारी आमची एक मैत्रीण दोन्ही पार्ट्यांना वेड्यात काढत होती. तेवढ्यात माझा फोन वाजला. काका.

"तूनं तं एनसीसीत बंदूक चालोली ना वं पोरी? मंग सांग बरं, कोनती घेऊ? ते एकामागं एक गोळी सुटते ना, तशी भेटते काय?"

काकाचं वावर कारंजा तालुक्यात, बोरच्या जंगलाच्या काठाला. दीड एकर हरभरा रानडुकरांनी तीन रात्रींत लोळवला होता. उरलेला रोही येऊन खात होते. काका मस्करी करत नव्हता. रूममध्ये सगळ्या एकदम गप्प झाल्या, कारण अर्ध्याजणींच्या घरी हेच चाललंय.

आधी माझ्या अनुभवाची लायकी सांगते. एनसीसीत मी पॉइंट टूटूने गोळ्या झाडल्यात. पालथं झोपून, समोर टार्गेट, मागे मातीचा उंच बांध आणि कानाशी ओरडणारे उस्ताद. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हे काम बंदूक स्वतःच करते. गोळी सुटल्यावर जो गॅस तयार होतो किंवा जो धक्का बसतो, त्याच्या जोरावर रिकामी पुंगळी बाहेर आणि पुढचं काडतूस आत. ट्रिगर एकदा दाबला की एक गोळी, परत दाबला की दुसरी. गेममधली एसएलआर अशीच, आणि खरीही अशीच. १९६२ च्या चीन युद्धात आपले जवान बोल्टवाल्या थ्री-नॉट-थ्रीने लढले. त्यानंतर सैन्यात ७.६२ ची सेल्फ लोडिंग रायफल आली, तीच ही एसएलआर. पोलिसांच्या खांद्यावर तुम्ही ती पाहिली असेल. वजन चार किलोच्या वर. गेममध्ये हे वजन कळत नाही.

तर काकाला मिळते का ही? नाही. सैन्याच्या बोअरची रायफल तुम्हाआम्हाला विकत मिळत नाही. परवान्याचं वय २१. म्हणजे वयाच्या हिशेबात मी २२ ची पात्र आहे, हे ऐकून आईने हात जोडले. शेतकऱ्यासाठी १९५९ च्या शस्त्र कायद्यात वेगळी सोय आहे. ती कलम १३ मध्ये आहे आणि वाचून मी खरंच चकित झाले. पीक राखायला कोणती बंदूक हे कायद्यानेच ठरवून ठेवलंय: ठासणीची. नळीत दारू भरा, छर्रे टाका, गजाने ठासा, मग उडवा. तेवढ्याने भागणार नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. रायफलचं नावसुद्धा नाही.

आधी मला हा शेतकऱ्याचा अपमान वाटला. एकविसाव्या शतकात ठासणीची बंदूक? मग रेंजवरचा तो मातीचा बांध आठवला. पॉइंट टूटूची एवढीशी गोळीसुद्धा दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते, मोठ्या रायफलची त्याहून कितीतरी लांब. आणि आमचं शिवार कसं? सपाट काळी जमीन, मध्ये हातभर धुरा, पलीकडे दुसऱ्याची कपाशी. रात्री जागलीला काका एकटा नसतो, आजूबाजूच्या वावरात चार-पाच जण तरी असतात. कुणी टॉर्च विझवून बसलेला, कुणी पाणी फिरवायला उठलेला. छर्ऱ्यांचा जोर थोड्या अंतरात संपतो, रायफलच्या गोळीला मात्र मागे बांध लागतो. सेमी-ऑटोमॅटिकचा फायदा म्हणजे दुसरी गोळी पटकन. अंधारात, घाबरलेल्या हाताने, पळणाऱ्या सावलीवर झाडलेली ती दुसरी गोळी कुठे जाईल? मला तीच नकोय. मी उजेडात, झोपून, उस्तादांच्या शिव्या खात झाडलेल्या गोळ्याही टार्गेटच्या बाहेर गेल्यात.

यावर मित्र म्हणतात, अगं पण 'बेस्ट' कोणती ते तरी सांग. व्हिडिओ बघा, टॉप फाइव्हच्या याद्या पडल्यात. गंमत म्हणजे आपल्या सैन्यालाही एक बेस्ट सापडली नाही. इन्सासची गोळी ५.५६ ची. ती बदलायची ठरली तेव्हा फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेकडून ७२,४०० सिग ७१६ घेतल्या, ७.६२ च्या मोठ्या काडतुसाच्या. डिसेंबर २०२१ मध्ये रशियासोबत सहा लाखांहून जास्त एके-२०३ चा करार झाला. त्या अमेठीजवळ कोरव्यात बनतात आणि त्यांचं ७.६२ चं काडतूस आखूड. लांबचा मारा करायचाय की जवळची झटापट, त्यावर रायफल ठरते. सैन्य आधी विचारतं कुठे, किती अंतरावर, कोणाच्या हातात. आपण आधी स्किन बघतो.

आणि वर्ध्यात बसून काडतुसांच्या गप्पा मारताना पुलगाव कसं विसरायचं? सैन्याचं केंद्रीय दारूगोळा भांडार आपल्याच जिल्ह्यात आहे. ३१ मे २०१६ च्या रात्री तिथे आग लागली, त्यात आग विझवणारे जवान गेले. नोव्हेंबर २०१८ मध्ये सोनेगाव आबाजीजवळ जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला आणि सहा जण मेले, त्यात रोजंदारीवर गेलेले मजूर होते. पुलगावची माझी वर्गमैत्रीण गेम खेळतच नाही. कधी विचारलं नाही का ते.

पण मी काकाला "बंदूक नको" एवढंच सांगून फोन ठेवला असता, तर तो शहाणपणा फुकटचा झाला असता. हरभरा तर गेलाच ना. बंदुकीचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांकडून, त्याआधी पोलिसांचा अहवाल. शिवाय डुक्कर मारायचं तर वन्यजीव कायद्याप्रमाणे वनाधिकाऱ्याची परवानगी वेगळी. हे सांगितलं तर काका म्हणाला, "म्हंजे डुकराले काई परवानगी लागत नाई, मलेच लागते." मला उत्तर सुचलं नाही. ही कागदं हलेपर्यंत पुढचा हरभरा पेरायची वेळ येते. मग लोक काय करतात? तारेत करंट सोडतात. ब्रह्मपुरीकडून आणून बोरमध्ये सोडलेली वाघीण ऑक्टोबर २०१७ मध्ये अशाच तारेला लागून मेली. आणि विदर्भात अशा तारांना माणसंही चिकटतात, कधी स्वतःच्याच.

माझं मत विचाराल तर सरकारने बंदुकीच्या परवान्यापेक्षा सौर कुंपणाचा अर्ज सोपा करावा. त्याचा झटका बसतो, जीव जात नाही. जंगलाकाठच्या गावांसाठी श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत त्यावर अनुदान आहे. अडचण एकच, पण मोठी. एकट्याने कुंपण केलं की डुकरं शेजाऱ्याच्या वावरात जातात आणि धुऱ्यावरचं भांडण पेटतं. म्हणून ते सगळ्या शिवाराला मिळून हवं. तोवर नुकसानीचा पंचनामा वेळेत व्हावा, हंगाम संपल्यावर नाही.

काकाला अजून पूर्ण पटलेलं नाही. शेजारच्या दोघांशी त्याचं बोलणंच नाही, एकाशी तर धुऱ्यावरूनच. तरी म्हणाला, "तू ये, तूच बोल त्यायच्याशी." शनिवारी सकाळच्या एसटीने जातेय. सोमवारी वन विभागाच्या कार्यालयात. आधार कार्ड, सातबारा आणि गाव नमुना आठ-अ सोबत ठेव म्हणून सांगितलंय. बंदुकीच्या अर्जाचाही एक कागद त्याने आणून ठेवलाय, असं काकू हळूच म्हणाली.