‘जरा’ वाचताना अडलेला मुलगा

गेल्या पावसाळ्यात सायंवंदनेनंतर मोखाड्याच्या एका पाड्यावरून आलेला पाचवीचा विद्यार्थी धम्मपाठ वाचत होता. ‘जन्म, जरा, व्याधी, मरण’ यातील ‘जरा’ त्याने ‘जरा थांब’मधल्यासारखा उच्चारला आणि सभागृहात हशा पिकला. मुलगा खाली बसला. त्या आठवड्यात तो पुन्हा वाचावयास उठला नाही.

चूक त्याची नव्हती, असे आमचे स्पष्ट मत आहे. वार्धक्यवाचक ‘जरा’ संस्कृत-पालीतील. त्याचा ज ‘जन्म’मधला. ‘थोडे’ या अर्थाचा ‘जरा’ अरबी-फारसीतून आलेला; त्याचा ज ‘जमीन’मधला. व्याकरण एकास तालव्य व दुसऱ्यास दंततालव्य म्हणते, लिपी मात्र दोघांना एकच वेष देते. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा. (भोजनगृहातील पाण्याचा जग तिसरा, तो इंग्रजीतून येऊन तालव्यांच्या पंक्तीत बसला.) ज्याच्या घरी प्रमाण मराठी बोलतात, त्याला हा भेद पाळण्यातच कळतो. वारली, कोकणा, कातकरी घरच्या मुलाने तो पुस्तकातून उचलावा अशी आपली अपेक्षा, आणि पुस्तक तर याविषयी गप्प!

जपानी मुलांची अडचण याहून मोठी आहे. तेथे चिनी अक्षरे, म्हणजे कांजी, बौद्ध सूत्रांच्या सोबतीने रुजली. निरनिराळ्या काळचे चिनी उच्चार त्यांना चिकटले, शिवाय देशी शब्दही त्याच अक्षरांवर बसविले गेले. ‘जन्म’ आणि ‘जीवन’ दर्शविणारे एकच अक्षर याच जन्म-जरा-व्याधी-मरणाच्या चतुष्टयात ‘शो’ वाचतात, ‘गाकुसेई’ म्हणजे विद्यार्थी या शब्दात ‘सेई’, ‘इकिरु’ म्हणजे जगणे यात ‘इ’, आणि एकटे आले तर बहुधा ‘नामा’ म्हणजे कच्चे. हे अक्षर तेथे पहिलीतच शिकवितात. प्राथमिक शाळा संपेपर्यंत अशी 1026 अक्षरे होतात. परंतु मुलांच्या पुस्तकांत कांजीशेजारी बारीक अक्षरांत उच्चार छापलेला असतो. त्यास फुरिगाना म्हणतात. मूल अडले तर पुस्तकच मदतीस येते.

आपल्याला तर केवळ एक बिंदू पुरेल. दंततालव्य च, ज, झ यांच्याखाली तो द्यावा, निदान चौथी-पाचवीपर्यंत. हे हिंदीचे अनुकरण होईल, असा आक्षेप आमच्या काही सहकाऱ्यांनी घेतला. ज्या लिपीत आपण पाली लिहितो तीच हिंदीचीही आहे. त्यात विटाळ कसला? पाली वंदनेत हा प्रश्न मुळी उद्भवतच नाही, कारण तेथे च आणि ज सर्वत्र तालव्य. तो मुलगा वंदना अस्खलित म्हणतो, हे हसणाऱ्यांपैकी कोणाच्या ध्यानात आले नाही. बाबासाहेबांनी आयुष्याच्या धकाधकीत पाली व्याकरण आणि शब्दकोशाचे काम हाती घेतले. ते त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या 16व्या खंडात आहे. अक्षरांच्या अशा बारकाव्यांना क्षुल्लक मानण्याची आपली परंपरा नव्हे.

मराठी धम्मपाठाची पुस्तिका बिंदूंसह पुन्हा छापावी, असा प्रस्ताव आम्ही मांडला आहे. मुद्रिते तपासण्यासाठी जव्हार-मोखाड्यातील माजी विद्यार्थी हवे आहेत. विशेषतः ज्यांच्या वाचनावर कधी काळी वर्ग हसला होता असे.