फुलं येण्याआधी उपटा, भुंगेऱ्याला जगू द्या

पाऊस पडला आणि बांधावर, घरामागे, शाळेच्या कुंपणाशी गाजर गवत तरारून आलं. आत्ता ते कोवळं आहे. महिनाभरात त्याला पांढरी फुलं येतील, मग एकेका झाडाचं हजारो बी तुमच्या वावरात पडेल. वेळ आहे ती आत्ताच.

या फुलांचा पराग घरात शिरतो. कुणाच्या हातामानेवर खाज उठते, चट्टे पडतात. कुणाचा दमा बळावतो. रोज खुरपणीला जाणाऱ्या बायाबापड्यांना याचा त्रास सर्वांत जास्त. जनावरांनी खाल्लं तर दूध कडवट होतं. १९५५च्या सुमारास पुण्यात दिसलेलं हे तण आज देशभर पसरलं आहे.

म्हणून उपटा. जमीन ओली असताना, मुळासकट उपटा. हातमोजे घाला, नाकातोंडाला फडकं बांधा. अंगावर खाज येणाऱ्यांना आणि लहान मुलांना या कामाला लावू नका.

पण फवारणीचा पंप पाठीला लावण्याआधी थांबा. आधी पानं बघा. पांढुरक्या पाठीवर तपकिरी रेघा असलेला छोटा भुंगेरा दिसतो का? तो मेक्सिकन भुंगेरा. मेक्सिकोहून बंगळुरूला आणून, तपासून, १९८४मध्ये तो आपल्याकडे सोडला गेला. तो आणि त्याच्या अळ्या याच गवताची पानं खातात, कोवळे शेंडे कुरतडतात. शेंडा गेला की फुलं धरत नाहीत. हिवाळ्यात तो मातीत निजतो आणि पावसाबरोबर वर येतो. तुमच्या पिकावर बसेल ही भीती रास्त आहे. कर्नाटकात तो सूर्यफुलावर दिसला तेव्हा चौकशीही झाली. पण त्याचं खरं अन्न गाजर गवतच आहे.

त्याला मारू नका. भुंगेरे लागलेला पट्टा जाळू नका, त्यावर औषध मारू नका. तिथले थोडे भुंगेरे भोकं पाडलेल्या डब्यात भरा आणि गवत माजलेल्या, पण भुंगेरा न पोचलेल्या पडीक जागेत सोडा. जिथे तो नाही आणि माणसांची ये-जा आहे, तिथे तुम्ही उपटा. मोकळ्या झालेल्या जागेत टाकळ्याचं बी फेका. टाकळा दाट वाढला की गाजर गवताला जागा उरत नाही.

हे एका घराचं काम नाही. शेजाऱ्याच्या बांधावर फुललं तर बी तुमच्याकडेही येणारच. येत्या रविवारी चार घरांना हाक मारा, फुलं धरण्याआधी बाहेर पडा.