आधी चार मीटर चालून दाखवा

माणिकपूरचे ६७ वर्षांचे एक गृहस्थ आणि तिथल्याच ७८ वर्षांच्या एक आजी. दोघांना मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतला कर्करोग. नुसते कागद पाहिले तर कोणीही म्हणेल, गृहस्थांना पूर्ण उपचार द्या आणि आजींना सोसतील तेवढेच. प्रत्यक्षात आजी वसई रोड स्टेशनचा पूल चढून-उतरून एकट्या आल्या होत्या. गृहस्थ न्हाणीघरात दोनदा पडले होते, रोज नऊ गोळ्या घेत होते आणि आंघोळीला मुलाचा हात लागत होता.

अशा वेळी आम्ही काही अगदी घरगुती प्रश्न विचारतो. स्वतः कपडे घालता का? बाजारहाट, पैशांचा हिशेब, गोळ्यांच्या वेळा कोण पाहतं? सहा महिन्यांत वजन किती घटलं? स्मरणशक्ती आणि मनःस्थितीही पाहतो. मग नेहमीच्या चालीनं चार मीटर चालायला सांगतो. अमेरिकेत बोस्टनच्या डॉक्टरांनी ७५ वर्षांवरच्या ४४८ रक्तकर्करुग्णांना असंच चालवून पाहिलं आणि २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. चालण्याचा वेग सेकंदाला दहा सेंटिमीटरनं कमी असला, की मृत्यूचा धोका सुमारे २२ टक्क्यांनी अधिक दिसला. या तपासणीला घड्याळ आणि मोकळा व्हरांडा पुरतो, खर्च शून्य.

मायलोमासाठी २०१५ पासून एक आंतरराष्ट्रीय गुणपद्धत आहे. वय, रोजची कामं आणि सोबतचे आजार यांची बेरीज करून रुग्ण सक्षम, मध्यम की अशक्त ते ठरतं. ती उपयोगी आहे, पण तिच्यात ८० ओलांडलेला माणूस केवळ वयामुळेच अशक्त गटात जातो. हे मला पटत नाही.

दुसरं असं, की अशक्तपणा कधी कधी आजारानंच आणलेला असतो. हिमोग्लोबिन उतरलेलं, मणका दबलेला, मग माणूस चालणार कसा? उपचार लागू पडले की अंथरुणाला खिळलेले रुग्ण उठून बसलेले मी पाहिले आहेत. म्हणून पहिल्या दिवशीचा शिक्का कायमचा समजू नये. एक-दोन महिन्यांनी पुन्हा तपासावं.

ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. त्यामुळे पैशांअभावी घरी बसलेले वृद्ध आता उपचारांसाठी येऊ लागलेत. हे चांगलंच झालं, पण आता कोणाला किती औषध सोसेल हे ठरवण्याची आमची जबाबदारी वाढली. परळच्या टाटा रुग्णालयात २०१८ पासून वृद्ध कर्करुग्णांसाठी वेगळं बाह्यरुग्ण केंद्र आहे. मात्र ही प्राथमिक तपासणी वसई-विरारमध्येच व्हायला हवी, परळची वारी ठरण्याआधी. इथून परळला जाणं हीसुद्धा म्हाताऱ्या माणसासाठी एक परीक्षाच असते. (लोकलच्या दिव्यांग डब्यातून कर्करुग्णांना जाता येतं. रुग्णालयाचा कागद जवळ ठेवावा.)

घरच्यांनी येताना सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणाव्यात, आयुर्वेदिक आणि शेजाऱ्यांनी सुचवलेल्यासुद्धा. आणि रुग्णालाही बोलू द्यावं. ‘त्यांना काही सांगू नका डॉक्टर,’ असं मुलं दारातच सांगतात. आजींच्या मुलानंही सांगितलं होतं. आजींनी त्याला बाहेर बसवलं आणि मला विचारलं, केस जाणार का, आणि नाताळपर्यंत चुलीपाशी उभं राहता येईल का. दुसऱ्या प्रश्नावर आम्ही उपचारांचं वेळापत्रक बेतलं. गृहस्थांना कमी मात्रेवर सुरुवात केली आहे, आणि आधी न्हाणीघरात कठडा बसवून घ्यायला सांगितलं.