टाक्यांचा विचार आठव्या महिन्यातच करा

पहिलटकरणीला डोहाळजेवणापासून डिंकाच्या लाडवापर्यंत सगळं सांगितलं जातं. टाक्यांबद्दल मात्र कुणी तोंड उघडत नाही. बाळ बाहेर येताना योनी आणि गुदद्वार यांमधला भाग ताणतो, अनेकींचा फाटतो आणि टाके घालावे लागतात. बहुतेक जखमा भरून येतात. पण जखम गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेली तर वायू आणि शौच रोखणं जड जाऊ शकतं. शिंकताना लघवी होणं तर कित्येकजणी वर्षानुवर्षं मुकाट सोसतात. हा त्रास टळेलच अशी हमी कुणी देऊ शकत नाही, पण धोका कमी करता येतो आणि त्याला पैसा लागत नाही.

लघवी आणि शौच रोखून धरणारे झोळीसारखे स्नायू ओटीपोटाच्या तळाशी असतात. वायू आणि लघवी एकदम रोखतो तसे ते वर ओढून धरा, पाच सेकंदांनी पूर्ण सैल सोडा. श्वास कोंडू नका, मांड्या आवळू नका. एका वेळी आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. सैल सोडण्याकडे नीट लक्ष द्या, कारण कळा देताना त्याचीच गरज असते. लघवीची धार मध्येच थांबवून सराव करू नका. फरशी पुसल्याने हालचाल होते, पण हा व्यायाम होत नाही.

पस्तिसाव्या आठवड्यापासून आठवड्यातून एक-दोनदा मालीशही करा. नखं कापून, हात धुऊन, पाठ टेकून बसा. साधं, बिनवासाचं खोबरेल लावून अंगठा योनीत तीन-चार सेंटिमीटर आत घ्या. गुदद्वाराच्या बाजूला आणि मग दोन्ही कडांना हलकेच दाबत न्या. पाच मिनिटं पुरतात. ताण, थोडी जळजळ जाणवेल. दुखलं तर थांबा. पहिल्या बाळंतपणात याने टाके पडण्याची शक्यता कमी होते, असं अभ्यासांत दिसलं आहे. अंगावरून रक्त जात असेल, वार खाली असेल, पाणी गेलं असेल किंवा जंतुसंसर्ग असेल तर मालीश नको. डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.

विचारायला लाजू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. तिथे हेही विचारा: बाळंतपणात तुम्ही सरसकट सगळ्यांना कात्रीने चीर देता का? डोकं दिसू लागल्यावर गरम पाण्याच्या घड्या ठेवाल का? जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सरसकट चीर नको, गरम घड्या ठेवाव्यात, असं सांगितलं आहे. नवऱ्याकडूनही हे प्रश्न पाठ करून घ्या. कळा सुरू झाल्यावर तुम्हाला बोलायचं त्राण राहीलच असं नाही.