नुसत्या टाळ्या वाजवणारी मैत्रीण नव्हे

ऑक्टोबर २०२० मध्ये पुष्पा भावे गेल्या. वय ८१. कोरोनाचे दिवस होते. मार्चपासून बंद पडलेली महाराष्ट्रातली नाट्यगृहं अजून उघडायची होती. ज्या सभागृहांत त्यांनी आयुष्यभर नाटकं पाहिली, भाषणं केली, तिथे जमून त्यांना निरोप देणंही आपल्याला शक्य झालं नाही. त्याच वर्षी जानेवारीत विद्या बाळ गेल्या होत्या. एका वर्षात दोन मोठ्या मैत्रिणी गेल्या.

नंतर बरेच मृत्युलेख वाचले. बहुतेकांनी पुष्पाबाईंचे दोन भाग केले होते. नाटकवाल्यांनी समीक्षक पुष्पाबाईंवर लिहिलं आणि शेवटी ‘त्या सामाजिक कार्यातही होत्या’ असं एक वाक्य जोडलं. चळवळीतल्या लोकांनी लढवय्या पुष्पाबाईंवर लिहिलं आणि शेवटी ‘त्यांना नाटकाचीही आवड होती’ म्हटलं. ही ‘ही’ मला खटकते. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

मी त्यांची विद्यार्थिनी नव्हे, निकटवर्तीयही नव्हे. आपल्यातल्या अनेकींसारखी मीही त्यांना व्यासपीठावरून ऐकलं आणि छापील पानांवर वाचलं. तेव्हा आठवणींची पोतडी माझ्याकडे नाही. पण जे सर्वांसमोर घडलं तेवढंही पुरेसं आहे.

आणीबाणीत मृणाल गोरे भूमिगत झाल्या, तेव्हा त्यांना आसरा देणाऱ्यांत पुष्पाबाई होत्या. पोलीस शोधत असलेल्या बाईला घरात ठेवून घेणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. १९९६ साली रमेश किणी या मुंबईच्या भाडेकरूचा मृतदेह पुण्याच्या एका चित्रपटगृहात सापडला. घर सोडण्यासाठी आपल्या कुटुंबावर दबाव येत होता, असं त्यांच्या पत्नी शीला किणी सांगत होत्या. प्रकरण सत्तेच्या जवळ जाणारं होतं. भलेभले गप्प बसले. सत्तावन्न वर्षांच्या पुष्पाबाई मात्र शीला किणींच्या शेजारी उभ्या राहिल्या.

हीच बाई रुईया महाविद्यालयात मराठी शिकवत होती. हीच बाई नाटकांवर लिहीत होती. ‘रंगनाटक’ हे त्यांचं पुस्तक त्या लेखनातूनच आलं. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात सत्तरच्या दशकात जी प्रायोगिक रंगभूमी उभी राहिली, तिच्यावर त्यांची नजर होती. कलावंत त्यांना आपलं मानत. पण ‘कलावंतांची मैत्रीण’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे जी बाई येते, प्रयोगानंतर रंगपटात जाऊन ‘वा, काय काम केलंत!’ म्हणणारी, तशा त्या नव्हत्या. त्यांचं नातं समीक्षकाचं होतं. समीक्षकाची मैत्री जरा महाग पडते. ती आपल्याला काय जमलं नाही तेही सांगते.

आता आपल्याकडे बघू या. आपल्या संघटनांत कलेला काय स्थान आहे? मेळावा असला की सुरुवातीला गाणं, मध्ये पथनाट्य, भिंतीवर पोस्टर. भाषणं लांबली की कात्री पहिली नाटकावर. आणि नाटक झालंच, तर त्यावर बोलायचं नाही. विषय चांगला आहे ना, मग झालं!

आमच्या गटाने अनेक वर्षांपूर्वी हुंडाबळीवर पथनाट्य बसवलं होतं. सासूचं काम करणारी मैत्रीण इतकी ठसकेबाज होती की ती आली की वस्तीतल्या बाया-पुरुष खो खो हसायचे. नवरा आणि सासरा कोपऱ्यात उभे, त्यांना वाक्यंच तीन-चार. आम्ही खूश होतो. पण लोक घरी काय घेऊन जात होते? ‘बाईच बाईची वैरी.’ ज्या म्हणीविरुद्ध आम्ही शिबिरं घेत होतो, तीच आम्ही चौकाचौकात करून दाखवत होतो. आम्हाला हे कुणी सांगितलं नाही. सांगायची आपल्यात रीतच नव्हती.

रंगमंचावरच्या बाईचं नाटककाराने काय केलं, हा प्रश्न पुरवणीतल्या वाचकांसाठी नाही, तो आपला आहे. १९७२ च्या ‘सखाराम बाइंडर’चं उदाहरण घ्या. सेन्सॉरने काटछाट मागितली, कमलाकर सारंग कोर्टात गेले आणि जिंकले. नाटक बंद पाडू पाहणाऱ्यांविरुद्ध उभं राहायलाच हवं. पण दारू पिणारी, रोखठोक बोलणारी चंपा अखेर पुरुषाच्या हातून मरते, हे का, हेही आपण विचारायला हवं. पहिलं केलं म्हणून दुसरं करायचं नाही, असं नाही. उलट, ज्या नाटकासाठी आपण भांडतो त्याच्याशी भांडायचा हक्क आपण कमावलेला असतो.

मेधा कुलकर्णी यांनी पुष्पाबाईंशी केलेल्या गप्पांच्या पुस्तकाचं नाव आहे ‘लढे आणि तिढे’. आपण लढे लक्षात ठेवतो, तिढे विसरतो. तिढा दाखवणारी बाई बैठकीत नकोशी वाटते. ती म्हातारी झाली की आपण तिला दीपप्रज्वलनाला बोलावतो, शाल घालतो आणि पाच मिनिटं देतो. म्हणजे तिने अडचणीचं काही बोलू नये याची सोयच झाली!

मैत्रिणींनो, पुष्पाबाईंची आठवण ठेवायची तर फोटोला हार घालण्यापेक्षा एक साधी गोष्ट करू या. आपापल्या गटाने वर्षातून दोनदा तरी एकत्र नाटक पाहावं. कुणाचंही, धंदेवाईक असो की आपलं पथनाट्य. आणि त्यानंतर तासभर बसून त्यावर भांडावं. भांडताना गटातल्या सर्वांत वयस्क बाईला पहिल्यांदा बोलू द्यावं, आणि घड्याळ दाखवू नये.

आमच्या त्या पथनाट्याच्या वेळी असा एक तास आम्ही दिला असता, तर सासऱ्याच्या तोंडी चार वाक्यं नक्की वाढली असती.