विश्लेषण : घाटात ऑटोमॅटिक गिअरबॉक्स का जळतो? दोष चालकाचा की तापलेल्या तेलाचा?

मे महिन्यातली दुपार, कसारा घाटाचा चढ, मागे पूर्ण भरलेला हौदा आणि पुढे मुंगीच्या गतीने सरकणारी ट्रकची रांग. अशा वेळी चालकाची नजर इंजिनच्या तापमानाच्या काट्यावर असते. काटा मध्यावर असला की सारे ठीक, असे मानले जाते. पण गाडी ऑटोमॅटिक असेल, तर त्याच वेळी गिअरबॉक्समधले तेल तापत असते आणि त्याचा आकडा अनेक गाड्यांत चालकाला दिसतच नाही. गिअरबॉक्स निकामी झाला की खर्च लाखांच्या घरात जातो आणि खापर चालकाच्या डोक्यावर फुटते. हे चित्र बदलायचे, तर गिअरबॉक्सचे आयुष्य किलोमीटरपेक्षा तापमानावर मोजायला हवे.

उष्णता येते कुठून?

मॅन्युअल गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांना क्लच जोडतो. पारंपरिक ऑटोमॅटिकमध्ये हे काम ‘टॉर्क कन्व्हर्टर’ करतो. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक सुरू केला, की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो, तसाच हा प्रकार. फक्त इथे हवेऐवजी तेल असते. दोन्ही चक्रांच्या वेगात फरक पडतो, तेव्हा तेल घुसळले जाते आणि तापते. सपाट रस्त्यावर एका गतीने जाताना ‘लॉक-अप क्लच’ दोन्ही चक्रे एकमेकांना घट्ट जोडतो, त्यामुळे ही गळती जवळजवळ थांबते. ओझे घेऊन हळू चढताना मात्र तो वारंवार सुटतो. इंजिन १०० किलोवॅट शक्ती देत असेल आणि त्यातली २० टक्के घुसळण्यात वाया जात असेल, तर २० किलोवॅट उष्णता थेट तेलात उतरते. घरातले २ किलोवॅटचे दहा गिझर एकाच वेळी सुरू ठेवावेत, तेवढी ही उष्णता.

तेल तापले तर बिघडते काय?

हे तेल केवळ वंगण नसते. शक्ती वाहून नेणे, आतल्या क्लच प्लेट दाबून धरणे आणि उष्णता बाहेर काढणे ही कामेही त्याच्याकडेच असतात. साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअस हे त्याचे नेहमीचे तापमान. त्यापुढे दर १० अंशांमागे तेल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. जळक्या तेलाचा थर वाल्वमध्ये बसतो, रबरी सील कडक होतात, दाब कमी पडतो. मग क्लच प्लेट घसरू लागतात आणि त्या घसरण्यातून आणखी उष्णता निर्माण होते. लाल तेल तपकिरी होऊन जळका वास येऊ लागतो, तेव्हा बरेचसे नुकसान होऊन गेलेले असते.

तेल थंड कसे ठेवतात?

पंप हे तेल नळीवाटे कूलरकडे पाठवतो. अनेक गाड्यांत कूलर रेडिएटरच्या टाकीतच असतो. तिथे इंजिनचे पाणीच ८०-९० अंशांचे असल्याने तेल त्याखाली फारसे जाऊ शकत नाही. म्हणून ओझ्याच्या गाड्यांना रेडिएटरच्या पुढे हवेवर थंड होणारा वेगळा कूलर देतात. रेडिएटरमधला कूलर आतून फुटला, तर पाणी तेलात मिसळते आणि तेल गुलाबी, दुधाळ दिसते. अशा वेळी गाडी पुढे दामटणे म्हणजे गिअरबॉक्सवर पाणी सोडणे.

प्रत्येक ‘ऑटोमॅटिक’ ट्रकला हे लागू होते का?

नाही. भारतातल्या ऑटोमॅटिक म्हणवणाऱ्या बहुतेक मालवाहू ट्रकमध्ये ‘एएमटी’ असते. म्हणजे नेहमीचाच क्लच आणि गिअर, फक्त ते यंत्र हलवते. त्यात टॉर्क कन्व्हर्टर नसतो. तिथे उष्णता क्लचमध्ये साठते. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली, की क्लच जळतो आणि तेलाचा कूलर त्याला वाचवू शकत नाही. टॉर्क कन्व्हर्टर आढळतो तो टोयोटा हायलक्स, इसुझू व्ही-क्रॉस यांसारख्या पिकअपच्या ऑटोमॅटिक आवृत्त्यांत आणि काही अवजड टिपरमध्ये. गाडी घेतानाच हा फरक मालकाने विचारावा आणि चालकाला सांगावा.

इतरत्र काय केले जाते?

अमेरिकेत पिकअपची ओढण्याची क्षमता ठरवण्यासाठी ‘एसएई जे-२८०७’ हे मानक आहे. त्यातली एक चाचणी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर आधारलेली आहे. सुमारे १८ किलोमीटरचा चढ, ३८ अंशांच्या आसपासची उष्णता, मागे पूर्ण ओझे आणि एसी पूर्ण क्षमतेने सुरू. अशा स्थितीत नेहमीच्या पिकअपने ताशी ६४ किलोमीटरचा किमान वेग राखायचा असतो. तिथल्या अनेक पिकअपमध्ये गिअरबॉक्सच्या तेलाचे तापमानही डॅशबोर्डवर पाहता येते.

एसी सुरू ठेवण्याची अट आपल्यासाठी विशेष बोलकी आहे. भारतात २०२५ पासून मध्यम व अवजड नव्या ट्रकच्या केबिनमध्ये एसी बंधनकारक झाला आहे. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसतो आणि मागच्या कूलरना तापलेली हवा मिळते. यावर ‘घाटात एसी बंद कर’ हा चालकाला द्यायचा सल्ला नव्हे. कूलिंगची रचना एसी धरूनच व्हायला हवी.

चालकाच्या हातात काय आहे?

चढावर खालचा गिअर धरून ठेवणे किंवा ‘टो-हॉल’ मोड असल्यास तो वापरणे. तापल्याचा इशारा आला, तर सुरक्षित जागी थांबून हँडब्रेक लावावा, गाडी न्यूट्रल किंवा पार्कमध्ये घ्यावी आणि इंजिन थोड्या वाढीव गतीवर सुरू ठेवावे. इंजिन बंद केले की पंप थांबतो आणि कूलरकडे जाणारे तेलही. गाडी ‘डी’मध्ये ठेवून ब्रेकवर उभी करून रेस देणे मात्र सर्वात घातक.

मग बदलायचे काय?

काही उत्पादक या तेलाला ‘लाइफटाइम’ म्हणतात. पण ओझे, डोंगराळ रस्ता, कडक ऊन किंवा सतत थांबत चालणारी वाहतूक असेल, तर तेल लवकर बदला, असे अनेक मॅन्युअलमध्येच ‘कठीण वापर’ या शीर्षकाखाली लिहिलेले असते. नाशिक-मुंबई फेऱ्या मारणाऱ्या गाडीला या चारही अटी एकाच दिवशी लागू होतात. आपल्याकडे कठीण वापर हाच नेहमीचा वापर आहे, हे सर्व्हिस वेळापत्रकात उमटले पाहिजे.

तेलाचे तापमान मोजणारा सेन्सर आधुनिक गिअरबॉक्समध्ये असतोच. तो आकडा पडद्यावर आणायला नवे यंत्र लागत नाही, इच्छा लागते. जो काटा चालकाला दाखवलाच नाही, त्याचा हिशेब त्याच्या पगारातून वसूल करणे न्यायाचे नाही.